ज्ञानावरची जकात

अंजूरफाट्यावर दहा मिनिटे उभे राहिले तर अर्ध्या जगाचा बाजार नजरेखालून जातो. कंटेनर, ट्रेलर, छोटा हत्ती, पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून खड्डे चुकवणारे दुचाकीस्वार. अंजूर गावाच्या आसपास, मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळ अशा गावांच्या शिवारात, जिथे भाताची खाचरे होती तिथे आता पत्र्याची लांबच लांब छपरे आहेत. दादरला किंवा बोरिवलीला कोणी रात्री मोबाइलवर बोट ठेवून मागवलेला मिक्सर यांतल्याच एखाद्या छपराखालून सकाळी निघालेला असतो.

ही गोदामे इथेच का आली? जमीन स्वस्त होती आणि महामार्ग हाताशी होता, हे तर झालेच. पण मोठे कारण होते जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. त्यापेक्षा तो हद्दीबाहेर भिवंडीत उतरवायचा आणि गिऱ्हाईक ठरले की लागेल तेवढाच आत न्यायचा, हा व्यापाऱ्याचा साधा हिशेब. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामे राहिली, उलट वाढली. नाका उठतो, पण त्याने पाडलेल्या सवयी उठत नाहीत.

प्रयोगशाळेत, दुर्बिणीतून किंवा शेतातल्या चाचणीतून तयार झालेले ज्ञान जगभर कसे फिरते आणि कुठे अडते, याचा विचार करताना मला हा फाटा वारंवार आठवतो. ज्ञानाच्या वाटेवरही नाके आहेत. त्यातला पैशाचा नाका सगळ्यांना दिसतो. एखादा शोधनिबंध उघडायला जावे तर प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतो. लिहिणाऱ्याला त्यातला पैसाही मिळत नाही, निबंध तपासणारे तज्ज्ञ बहुधा फुकट तपासतात आणि संशोधनाचा खर्च पुष्कळदा करदात्यांनी आधीच केलेला असतो. राग येण्यासारखीच गोष्ट आहे. तरी सुरुवात पैशापासून करायला नको. फुकट मिळणारे, छापून आलेले, कोणालाही वाचता येईल असे ज्ञानही अडते, आणि त्याचे सर्वांत कडू उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिनने शोधला होता. जंतू कळला होता, तो माणसापर्यंत येतो कसा ते कळले नव्हते. सरकारने घाण, कोंदट हवा आणि दाटीवाटी यांवर ठपका ठेवला. गटारांत कार्बोलिक ओतले गेले, छपरांची कौले काढून घरांत ऊन घेतले गेले, अंथरूण-पांघरूण जाळले गेले, माणसे छावण्यांत नेऊन ठेवली गेली. पुण्यात घरात घुसून झालेल्या झडत्यांचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग-अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. त्याच साली १० मार्चला, रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या.

या काळात गावोगावच्या लोकांनी एक गोष्ट हेरली होती. घरात उंदीर पडायला लागले की थोड्याच दिवसांत माणसे आजारी पडतात. म्हणून उंदीर पडले की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे. असे का, हे कोणाला सांगता आले नसते. उपाय मात्र अचूक होता.

त्या ‘का’चे उत्तर एका फ्रेंच लष्करी डॉक्टरला सापडले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने पॉल-लुई सिमाँ यांना प्लेगवरची लस-रसे तपासायला हिंदुस्थानात पाठवले होते. मुंबईत आणि इतरत्र रुग्ण पाहताना त्यांच्या लक्षात आले, की काहींच्या पायावर अगदी बारीकसा फोड असतो आणि त्या फोडात प्लेगचे जंतू भरलेले असतात. चावा कोणाचा? २ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी एक प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांनी भरलेला प्लेगचा उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवून तो पिंजरा त्याच बरणीत सोडला. दोन उंदरांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता, पण पिसवा उडी मारू शकत होत्या. काही दिवसांत दुसराही उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या उंदरांनी हाच प्रयोग केला तेव्हा निरोगी उंदीर निरोगीच राहिला. त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात सिमाँचा सविस्तर निबंध छापून आला.

आता खरे तर गोष्ट संपायला हवी होती. पण हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने सिमाँचे म्हणणे विचारात घेण्याजोगेही मानले नाही. निबंध फ्रेंचमध्ये होता हे कारण पुरत नाही, कारण त्या काळच्या शिकलेल्या इंग्रजाला फ्रेंच वाचता येत असे. कारण अधिक बारीक होते, आणि मला ते फार मोलाचे वाटते. युरोपात काहींनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा त्यांच्याकडच्या उंदरांवरच्या पिसवा माणसाला चावेचनात. लोझानच्या गाली-व्हालेरिओ यांनी १९०० साली याच आधारावर सिमाँना खोडून काढले. त्यांचेही काही चुकले नव्हते! युरोपातल्या उंदरावरची पीस वेगळी आणि मुंबईच्या उंदरावरची वेगळी. आपल्याकडची पीस उंदीर मेला की माणसावर येते. तिला स्वतंत्र नाव मिळाले ते १९०३ साली. कीटकांचे वेड असलेल्या चार्ल्स रॉथशिल्ड या बँकरने नाईलकाठचे नमुने पाहून तिचे नाव इजिप्तच्या राजा चीऑप्सवरून ठेवले. म्हणजे दोन माणसे दोन देशांत ‘पीस’ हा एकच शब्द वापरत होती आणि दोन वेगळ्या प्राण्यांबद्दल भांडत होती. कोणत्या जातीची पीस, ही एक ओळ दोन्ही निबंधांत नीट असती तर भांडण होतेच कशाला?

हा गुंता मुंबईतच सुटला. परळच्या प्रयोगशाळेतल्या ग्लेन लिस्टन यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनिपिग मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा मोजल्या, ओळखल्या आणि त्यांची जात नेमकी नोंदवली. ‘प्लेग, उंदीर आणि पिसवा’ या विषयावरचा त्यांचा निबंध १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. एरवी ज्यात पक्षी, साप आणि वाघ यांच्या गोष्टी यायच्या त्यात! नवा तपास-गट परळला बसला आणि १९०६ पासून त्याचे अहवाल ‘जर्नल ऑफ हायजीन’ मध्ये येऊ लागले. सिमाँ बरोबर ठरले. मध्ये आठ वर्षे गेली होती. त्यांतल्या १९०४ आणि १९०५ या दोन वर्षांत, दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे हिंदुस्थानात प्लेगने मेली. सिमाँचे ऐकले असते तर ती सगळी वाचली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण औषध तेव्हाही नव्हते. पण अंथरुणे जाळण्याऐवजी उंदीर आणि पिसवा यांच्यामागे लागता आले असते, आणि रानात जाऊन राहणाऱ्या गावकऱ्यांना अडाणी म्हणण्याऐवजी त्यांना मदत करता आली असती. लिस्टन यांचा तो निबंध आता जैववैविध्य ग्रंथालयाच्या सार्वजनिक संग्रहात आहे. अंजूरच्या एसटी थांब्यावर बसून मोबाइलवर तो फुकट वाचता येतो.

याच्याशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवतो. ११ जानेवारी २०२० रोजी शांघायच्या झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या करोना विषाणूचा जनुकक्रम जगासाठी खुला केला. ना नियतकालिकाची वाट पाहिली, ना वर्गणी. दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा ‘सुधारणे’साठी बंद करायला लावली गेली, हेही इथे नोंदवायला हवे. जनुकक्रम हाती आल्यावर बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी काही दिवसांत तपासणीची पद्धत तयार केली आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती सर्वांसाठी मांडली. ३० जानेवारीला केरळमधल्या विद्यार्थिनीचा, भारतातल्या पहिल्या रुग्णाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत पॉझिटिव्ह ठरला. मध्ये एकोणीस दिवस गेले. परळ आणि पुणे यांच्यात फार अंतर नाही. आठ वर्षे आणि एकोणीस दिवस यांच्यात जे अंतर आहे ते या लेखाचा खरा विषय आहे.

भाषेचा नाका याहून जुना, आणि त्याची गोष्टही अंजूरपासूनच सुरू करता येते. अंजूरच्या नाइकांचे नाव वसईच्या मोहिमेशी जोडलेले आहे. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊबंद यांनी साष्टी-वसईतल्या पोर्तुगीजांविरुद्ध पेशव्यांना उभे केले. खाडी कुठे ओलांडता येते, कोणत्या ठाण्यात किती माणसे आहेत, ही माहिती त्या मोहिमेला लागली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांना वसई मिळाली. ज्या पोर्तुगीज राजवटीशी ते लढले, तिच्याच गोव्यात पावणेदोनशे वर्षे आधी एक विलक्षण पुस्तक छापले गेले होते. गार्सिया दा ऑर्ता या वैद्याने १५६३ साली हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपात ग्रंथ लिहिला. त्यात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलतो. मुंबई बेट ऑर्ताने पोर्तुगीज सरकारकडून खंडाने घेतले होते, तेव्हा आंबे आणि नारळ यांबद्दल तो ऐकीव लिहीत नव्हता. पण पुस्तक पोर्तुगीजमध्ये होते, मुद्रणदोषांनी भरलेले होते आणि फार थोड्यांपर्यंत पोचले. ते युरोपभर गेले ते चार वर्षांनी, कॅरोलस क्लुसियसने अँटवर्पमध्ये काढलेल्या लॅटिन संक्षेपामुळे. युरोपच्या विद्वानांनी पुढे ऑर्ता वाचला तो बहुधा क्लुसियसच्या कात्रीतून. त्यातले संवाद गेले आणि मालुपाचा आवाजही बारीक झाला. अनुवादामुळे ज्ञान पुढे जाते, पण वाटेत नेमके काय गाळले जाईल ते अनुवादकाच्या हातात असते.

उलट दिशेनेही हेच होते. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. तपासनिसाला ‘हे जुनेच आहे’ असा कागद सापडला नाही, कारण तो त्याच्या भाषेत आणि त्याच्या यादीत नव्हता. मूळच्या गोव्यातल्या माशेलच्या रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने संस्कृत उतारे आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंध पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. यातूनच पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले. त्यातल्या नोंदी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आहेत. आपल्या आजीचा बटवा परदेशी तपासनिसाला वाचता येतो, हे चांगलेच झाले. परदेशी प्रयोगशाळेचा बटवा आजीच्या नातवाला त्याच्या भाषेत वाचता यावा म्हणून असेच ग्रंथालय कोणी काढले नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम जमेल तसे ओढत आहे, आणि वाईचे विश्वकोश मंडळही. सगळे संशोधन मराठीत लिहावे असे मी म्हणणार नाही, ते कोणी वाचणारही नाही. पण सरकारी पैशावर झालेल्या प्रत्येक प्रबंधाला मराठीत एक पान असावे, एवढे मागायला काय हरकत आहे?

तरीही निबंध म्हणजे ज्ञान नव्हे. निबंध ही ज्ञानाची पावती. माल म्हणजे मूळ निरीक्षणे, आणि ती सहसा कोणाच्या तरी कपाटात पडून राहतात. या बाबतीत जुन्नर तालुक्याने जगाला एक धडा दिला आहे, आणि त्याची आपल्याकडे व्हायला हवी तेवढी चर्चा झालेली नाही. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या द्राक्षबागा आणि कांद्याच्या शेतांमध्ये पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली, तेव्हापासूनच ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली ठेवली गेली. कोणत्याही देशातून प्रस्ताव पाठवावा आणि तो चांगला असेल तर वेळ मिळावा. निरीक्षणे घेणाऱ्याला काही महिन्यांची मुदत असते आणि नंतर ती कच्ची निरीक्षणे सर्वांसाठी खुली होतात.

२०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे सर्वेक्षण केले. त्यातून प्रतिमा काढणे भयंकर किचकट, कारण आयनांबर रेडिओ लहरींना सतत वाकवत असते. मूळ गटाने टप्प्याटप्प्याने थोडा थोडा भाग प्रसिद्ध केला. दरम्यान हॉइब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने वातावरणाचा तो दोष दुरुस्त करणारी आज्ञावली लिहिली होती. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या खुल्या संग्रहातली निरीक्षणे उतरवून घेतली, सगळी नव्याने तपासली आणि २०१६ साली जवळजवळ नव्वद टक्के आकाशाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत होते. नकाशाच्या नावातच त्यांनी ‘पर्यायी’ असा शब्द ठेवला. थाळ्या आपल्या, वीजबिल आपले, आणि नकाशा परक्याने काढला! काहींना हे बोचले असेल आणि ती बोच मला समजते. पण निरीक्षणे कपाटात राहिली असती तर तो नकाशा पुढची कित्येक वर्षे कोणालाच मिळाला नसता, आपल्यालाही नाही. मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या मूलभूत विज्ञान केंद्रात आनंद होता या खगोलशास्त्रज्ञाने चालवलेल्या ‘रॅड ॲट होम’ या नागरिक-विज्ञान उपक्रमात महाविद्यालयीन मुलेही घरी बसून याच सर्वेक्षणाच्या प्रतिमांत दीर्घिकांचे विचित्र आकार शोधतात. जुन्नरचे आकाश असे मुलांच्या घरापर्यंत आले.

आता पैशाच्या नाक्याकडे येऊ. तिथे सध्या बरीच हालचाल आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. सहा हजारांहून अधिक सरकारी संस्थांतल्या सुमारे १.८ कोटी विद्यार्थी-शिक्षकांना ती खुली झाली. मोठी गोष्ट आहे. तालुक्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयाने जे नियतकालिक कधी पाहिलेही नसेल, ते आता त्याच्या संगणकावर उघडेल. पण नाका उठलेला नाही, मोठ्या गटाचा पास काढलेला आहे. खासगी महाविद्यालय, निवृत्त शिक्षक, पत्रकार आणि प्रयोगशील शेतकरी अजून गेटबाहेरच आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे वाचणाऱ्याऐवजी छापवणाऱ्याकडून पैसे घ्यायचे. ‘नेचर’ने २०२० मध्ये यासाठी एका निबंधाला ९,५०० युरो असा दर जाहीर केला. जकात खरेदीदाराकडून उचलून विक्रेत्यावर टाकली, एवढाच फरक. शिवाय पैसे घेऊन छापायचे म्हटल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारे उगवणारच. बढतीसाठी निबंध मोजणाऱ्या आपल्या व्यवस्थेने त्यांना भरपूर गिऱ्हाईक दिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूषण पटवर्धन यांच्या गटाने २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची निघाली. अशी नियतकालिके बहुधा फुकट वाचता येतात! फुकट आणि खोटे अशा मालापेक्षा जकात परवडते. वाचकानेही भरायचे नाही आणि लेखकानेही भरायचे नाही, समाजानेच खर्च उचलायचा, हा रस्ता ब्राझीलने १९९८ साली ‘सायलो’ या जाळ्याने धरला आणि तो लॅटिन अमेरिकेत बऱ्यापैकी चालतो आहे. आपल्याकडे विद्यापीठांची नियतकालिके आहेत. त्यांना संपादक मिळाले तर पैसा ही त्यांची फार मोठी अडचण ठरणार नाही, असे मला वाटते.

ज्ञान बियाण्यात बांधूनही फिरते. कोकणात अनेक वर्षे पिकलेल्या ‘रत्ना’ भाताची वंशावळ पाहा. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली काढलेल्या आयआर-८ चे आईबाप इंडोनेशियाचे आणि तैवानचे. त्या आयआर-८ चा तमिळनाडूच्या वाणाशी संकर कटकला झाला आणि १९७० च्या सुमारास रत्ना तयार झाला. खोड वाकून लोळण्याचा दोष गेला, खत पेलणारे बुटके रोप आले. शेतकऱ्याला एकही निबंध वाचावा लागला नाही. पेरले आणि उगवले. असे बियाणे मागेल त्या देशाला देण्याचा जो प्रघात पडला, तो माझ्या मते विसाव्या शतकातल्या खुल्या विज्ञानाचा सर्वांत यशस्वी प्रयोग आहे.

बियाणे मात्र बोलत नाही. गोदामांच्या मधल्या उरलेल्या खाचरांत श्रावणात पाऊस लागून राहिला की पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळू लागतात. हा कडा करपा. तो जिवाणूमुळे येतो, त्यामुळे बुरशीनाशक मारून त्याचे काही बिघडत नाही. युरिया आवरायचा आणि एका खाचराचे पाणी दुसऱ्यात जाऊ द्यायचे नाही, हे जगभरच्या भात संशोधकांनी कधीच सांगितले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठानेही ते मराठीत सांगितले आहे. शेतकरी पानाचा फोटो काढतो आणि संध्याकाळी भिवंडीत खताच्या दुकानी जातो. दुकानदार फोटो मोठा करून बघतो, “करपाच आहे, काका,” म्हणतो आणि मागे वळून फळीवरून बुरशीनाशकाची बाटली काढतो.